न उतरणारा आकडा

"आत मी बसणार. बाबा माझे आहेत," सुन्निव्हा म्हणाली आणि अंगावरचा ओला कोटही न काढता अतिदक्षता विभागाच्या दाराकडे वळली.

रागनहिल्ड मुकाट बाजूला झाली. तिचा नवरा तोरस्टाइन, आयुष्यभर फेरीबोटींची इंजिनं दुरुस्त करणारा धिप्पाड माणूस, आत निपचित पडला होता. झटकाच असा आला होता की हृदयात रक्त पुढे ढकलायचं त्राण उरलं नव्हतं. ते काम आता यंत्र करत होतं. रागनहिल्डला बसवेना, उभं राहवेना... खिडकीतून ट्रॉन्डहाइमचा करडा फियॉर्ड, डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी, दिसत होता, त्याच्याकडे पाठ करून ती येरझारा घालत राहिली.

सुन्निव्हा तिची सावत्र मुलगी. तेच डोळे, तीच चाल, हसणंही थेट मेलेल्या आईचं. ती जेवायला बसली की तोरस्टाइन ताटावरून उठून जायचा. "मला तिच्याकडे बघवत नाही गं, तिला मावशीकडे पाठव," असं तो एकदा गयावया करून म्हणाला, तेव्हा रागनहिल्डच्या काळजात चर्र झालं होतं. सावत्र आईचा द्वेष करून पोर जगेल, पण बापाला आपलं तोंड बघवत नाही हे कळल्यावर कशी जगेल? म्हणून तिनेच सुन्निव्हाला सांगितलं होतं, "मला तू या घरात नको आहेस." तो कलंक तिने बारा वर्षं निमूट वाहिला.

डॉक्टर हेल्गेसेन बाहेर आल्या. मागोमाग सुन्निव्हाही आली.

"हृदयाला झालेली इजा मोठी आहेच," डॉक्टर म्हणाल्या. "पण आम्ही डोळे लावून बसलोय ते रक्तातल्या लॅक्टेटकडे. पेशींना प्राणवायू मिळाला नाही की ते साठत जातं. यंत्र लावल्यावर उतरायला हवं होतं. उतरत नाहीये. मूत्रपिंडं आणि यकृतही थकत चाललंय. औषधं वाढवून पुन्हा रक्त तपासू... पण फार आशा ठेवू नका."

डॉक्टर गेल्या, तशी सुन्निव्हा उसळली. "झालं तुमच्या मनासारखं? आता एकदाचं यंत्र बंद करायला सांगा."

"तू दमलीयस. कॉफी घे."

"इतकं बोलले तरी कॉफीच?" सुन्निव्हाचा आवाज फाटला. "बाबांनी मागच्या हिवाळ्यात फोन केला होता मला. रडत होते. सगळं सांगितलं त्यांनी. मला पाठव असं तेच म्हणाले होते."

रागनहिल्ड तिच्याकडे वळली. "मग... आली का नाहीस?"

"कुठल्या तोंडानं येणार? आणि आज आले तर मी पुन्हा तुम्हालाच टाकून बोलले. वाटलं, एकदा तरी तुम्ही म्हणाल, माझा दोष नव्हता म्हणून. भांडला असतात, तर माफी मागणं सोपं गेलं असतं मला."

"त्याच्यावर रागावू नकोस, बाळ. त्याचा राग तुझ्यावर कधीच नव्हता. तो तुझ्या आईच्या मरणावर होता."

सुन्निव्हाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रागनहिल्डने जवळ जाऊन तिचा भिजलेला कोट हलकेच उतरवला, आणि ती लहान पोरीसारखी उभी राहिली.

दुपारी नव्या तपासणीचा निकाल आला. लॅक्टेट आणखी चढलं होतं. "आता यंत्र त्यांना वाचवत नाहीये, नुसतं थांबवून ठेवतंय," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. रागनहिल्डने सुन्निव्हाकडे पाहिलं. सुन्निव्हाने यंत्र थांबवायला मान हलवून होकार दिला.

"तू जा आत," रागनहिल्ड म्हणाली. "शेवटच्या घटकेला बापलेकीच्या मध्ये मी नको."

"तू जन्मभर बाजूलाच उभी राहिलीस. आता पुरे," सुन्निव्हा म्हणाली आणि हाताला धरून तिला आत घेऊन गेली. तोरस्टाइनचा तेलाने काळवंडलेल्या नखांचा हात तिने रागनहिल्डच्या हातात दिला, वर स्वतःचा ठेवला, आणि त्याच्या कानाशी वाकली.

"बाबा, आम्ही दोघी आलोय."

दिवसभर कोरडी राहिलेली रागनहिल्ड तेव्हा रडली.