आहात तिथेच थांबा

ही घटना खरी आहे.

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं. कारण शेवटी मलाही काही समजावून सांगता येणार नाही.

गेल्या वर्षीचा ऑगस्ट. रविवार. पवन मावळातलं बेडसे, लेण्यांच्या डोंगराखालचं गाव. आणि वेळ भर दुपारची. हो, दुपारचीच. अमावस्या, पिंपळ, घुबड असलं काहीही नव्हतं. होतं ते फक्त धुकं. ऑगस्टमधलं धुकं, ज्यात अंगणात लावलेली मोटरसायकलही दिसत नाही.

अमृता आमच्या तळेगावच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसते. वेबसाइट बनवणं हे तिचं काम. डोकं थंड, जीभ तिखट. भुताच्या गोष्टी निघाल्या की "जिथं रेंज नाही तिथंच बरी भुतं दिसतात" म्हणून सगळ्यांची टर उडवणारी.

म्हणून तर तिने हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं नाही.

तिचा धाकटा भाऊ प्रदीप. आंबीच्या एका कारखान्यात कामाला, आणि सुट्टीच्या दिवशी गावच्या पोरांच्या बचाव पथकात. गडावर वाट चुकलेले, धुक्यात अडकलेले पर्यटक ही पोरं खाली आणतात. त्यांनी अमृताच्या मागे लकडा लावला होता. एक साधं पान करून दे, तायडे. माणसाने मोबाइलवर उघडायचं, अडचण लिहायची, बटण दाबायचं. बस.

त्या रविवारी ती तेच करत बसली होती. आई-बाबा वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला बुद्धविहारात गेले होते. प्रदीप ओसरीवर दोराच्या गाठी तपासत होता.

पान तयार झालं होतं. पण चाचणी घ्यायची तर पलीकडून उत्तर देणारं कुणीतरी लागतं. त्यासाठी अमृताने स्वतःच्या लॅपटॉपवर छोटासा एचटीटीपी सर्व्हर लिहिला. नाव मोठं, काम सोपं. ब्राउझर विचारतो, सर्व्हर उत्तर देतो. तिचा सर्व्हर तर अगदीच भोळा होता. काहीही विचारा, तो एकच उत्तर द्यायचा...

"मदत निघाली आहे. आहात तिथेच थांबा."

हे वाक्य पोरांनीच दिलेलं. गडावर वाट चुकलेला माणूस जागचा हलला नाही तरच सापडतो, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. अमृताने ते घाईत जसंच्या तसं टाकलं. चाचणीपुरतं तर आहे, नंतर बदलू.

आणखी एक सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हा सर्व्हर त्या एका लॅपटॉपपुरता होता. त्याच मशीनने विचारायचं, त्याच मशीनने उत्तर द्यायचं. बाहेरच्या कुणालाही त्याच्यापर्यंत पोचायला वाट नव्हती.

त्यात सकाळपासून वीज गेलेली. वायफाय बंद. मोबाइलला रेंज नाही. लॅपटॉप बॅटरीवर.

अमृताने पान उघडलं, "टेस्ट" असं लिहिलं, बटण दाबलं. स्क्रीनवर बाजूला सर्व्हरची काळी खिडकी होती, तिच्यात ओळ उमटली. टेस्ट. खाली उत्तर. त्यापुढे दोनशेचा आकडा, म्हणजे सगळं सुरळीत.

ती चहा ठेवायला उठली.

परत आली तेव्हा खिडकीत आणखी एक ओळ होती...

"कोणी आहे का?"

खाली उत्तर गेलेलं. मदत निघाली आहे. आहात तिथेच थांबा. दोनशे.

"पद्या, माझ्या लॅपटॉपला हात लावलास?"

"मी कशाला लावू? माझे हात दोराच्या चिखलानं बरबटल्यात."

खरंच बरबटलेले होते.

अमृता बसली. आपणच मघाशी काहीतरी दाबलं असेल, असं तिने मनाला सांगितलं. बाहेर बेडूक ओरडत होते. लांबून ओढ्याचा आवाज येत होता.

मग बेडूक थांबले.

सगळे एकदम.

आणि ओळ आली...

"मी ओढ्यातल्या सपाट खडकावर आहे. पाणी वाढतंय."

मदत निघाली आहे. आहात तिथेच थांबा.

अमृताचे हात कीबोर्डवर नव्हते. मांडीवर होते.

"अजून गुडघ्याच्या खाली आहे. आत्ता पलीकडे जाता येईल. निघू का?"

मदत निघाली आहे. आहात तिथेच थांबा.

"नाही!" अमृता ओरडली. कुणाला, ते तिलाही कळलं नाही. "निघ! निघ तिथून!"

मावळातल्या लहान पोरालाही हे माहीत असतं. गडावर चुकलात तर थांबा. पण पाणी चढायला लागलं तर क्षणभर थांबू नका, मिळेल त्या बाजूने वर चढा. डोंगरावर सर आली की खालचा ओढा बघता बघता माणूस नेतो.

आणि तिचा सर्व्हर त्या माणसाला थांबवून ठेवत होता.

तिने सर्व्हर बंद केला.

खिडकी निपचित झाली. एक क्षण. दोन...

"ठीक आहे. थांबते."

सर्व्हर बंद होता. तरी ओळ आली. तरी उत्तर गेलं. तरी दोनशे.

अमृताने वाक्य बदललं. "तिथून लगेच निघा! वर चढा!" साठवलं. सर्व्हर पुन्हा सुरू केला. स्वतः बटण दाबून पाहिलं. तिला नवं वाक्य दिसलं. लगेच निघा, वर चढा.

तिच्या जिवात जीव आला.

"पाणी गुडघ्याच्या वर आलंय. भीती वाटते."

मदत निघाली आहे. आहात तिथेच थांबा.

जुनंच वाक्य. जे आता कुठल्याच फाइलमध्ये नव्हतं.

प्रदीप केव्हाचा मागे उभा राहून वाचत होता. त्याने दोर खांद्यावर टाकला.

"कुठं चाललास?"

"सपाट खडक म्हंजे डोंगरामागचाच. दुसरा कुठला न्हाई."

"अरे वेड्या, हे बाहेरून येऊच शकत नाही! नेट नाहीये. कुणी नाहीये तिथं!"

"आणि असलं तर?"

तो धुक्यात शिरला, आणि चार पावलांत दिसेनासा झाला.

पुढचा वेळ अमृता त्या खिडकीसमोर बसून होती. काय करणार? फोन लागत नव्हता. शेजारीपाजारी सगळे विहारात. ती फक्त वाचू शकत होती.

"कमरेपर्यंत."

"अजून किती वेळ?"

प्रत्येक वेळी तेच उत्तर. प्रत्येक वेळी त्या बाईचं "बरं". शहाण्या मुलीसारखी ऐकत होती ती.

मग...

"कोणीतरी येतोय. हातात दोर आहे."

अमृता रडायला लागली. पोचला. माझा भाऊ पोचला.

"तो हात पुढे करून 'ये' म्हणतोय. त्याने माझा हात धरलाय. जाऊ का?"

अमृताने लॅपटॉपचं बटण दाबलं. दाबूनच धरलं. बंद हो, बंद हो, बंद हो.

स्क्रीन काळी झाली.

त्याच्या आधी उत्तर गेलं की नाही, ते तिला दिसलं नाही.

घरात शांतता. मग बाहेर बेडूक ओरडायला लागले, जणू काही झालंच नाही.

दिवेलागणीला प्रदीप आला. नखशिखांत भिजलेला. दोर नव्हता. तळहाताची सालटी निघालेली. आई-बाबा आले होते. आईने त्याला टॉवेलमध्ये गुंडाळला.

तो अमृताकडे बघून म्हणाला,

"मनगट धरलं व्हतं मी. नुसतं वढायचं बाकी व्हतं. तेवढ्यात तिचा मोबाइल उजळला. तिनं वाचलं. आणि हात सोडवून घेतला, तायडे. म्हणाली, 'इथंच थांबायला सांगितलंय.'"

"मग?"

"मग पाणी आलं."

दुसऱ्या दिवशी सगळं पथक ओढ्याला उतरलं. पोलीस आले. खाली नदीपर्यंत शोधलं. काही नाही. चप्पल नाही, पिशवी नाही. गावात परकी गाडी नाही. कुठल्याही ठाण्यात बाई हरवल्याची तक्रार नाही.

ओढ्याजवळच्या वाडीत बायडाबाई राहते. पर्यटकांना भाजलेली कणसं विकते. तिला विचारलं.

"काल कुनी आलंच न्हाई गं बाई. बंदी हाय ना वर जायला. ह्यो एकटाच पाण्यात हुबा व्हता. हात पुढं करून. मी लय हाका मारल्या."

मग आवाज खाली आणून ती अमृताच्या आईला म्हणाली, "तितं नारळ द्या. पोराचा हात कुणाच्या हातात गेलता, सांगता येतंय व्हय?"

बाबा म्हणजे श्रीपती. त्यांनी हात जोडले. "मावशी, आपल्यात हे मानत न्हाईत."

ते खरंच होतं. त्या घरात कधी लिंबू-मिरची बांधली गेली नव्हती, कधी अंगारा आला नव्हता. अमृताला त्याचा अभिमान होता. पण त्या दिवशी तिला वाटलं, भूत मानणाऱ्यांचं बरं असतं. त्यांना निदान काहीतरी करता येतं. आपण कुणाकडे जायचं?

प्रदीप एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायचा. "मेलेल्या माणसाचा हात नव्हता तो. गरम व्हता."

त्यानंतर वर्ष गेलं. पानाचं काम अमृताने सोडून दिलं. तो सर्व्हर पुसून टाकला, लॅपटॉपही बदलला. कसलीच ओळ पुन्हा आली नाही. प्रदीप हसायला लागला, कामाला जायला लागला. घरच्यांनी त्याच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली.

या जुलैमध्ये एक स्थळ आलं. मुलगी सोलापूरची. नाव चैताली. नुकतीच हिंजवडीला नोकरीला लागलेली. बायोडेटा आणि फोटो आईच्या मोबाइलवर आला. आई खूश. बाबा खूश.

आईने हौसेने फोटो प्रदीपपुढे धरला.

त्याने मोबाइल हातात घेतला, आणि उलटा करून ठेवला.

तो उठून परसात गेला. अमृता मागोमाग गेली. तिला विचारावंही लागलं नाही.

"तीच हाय, तायडे."

"नीट बघितलंस?"

"हातभर अंतरावर व्हती ती."

मग अमृताला कळलं. गेल्या वर्षी सगळ्यांनी ज्या बाईचा शोध घेतला, ती हरवलेलीच नव्हती. ती जिवंत होती. सोलापुरात होती. तिने अजून मावळ पाहिलंही नव्हतं.

प्रदीपने नकार दिला. तिचा या गावाशी संबंधच यायला नको, एवढाच त्याचा विचार. बाबा चिडले. मुलगी शिकलेली, घर चांगलं, नाही म्हणायला काही कारण? कारण सांगणार कसं?

वाटलं, टळलं.

मागच्या आठवड्यात अमृताला फोन आला. चैतालीचा. आवाज गोड, पण दुखावलेला.

"ताई, नकार दिला त्याचं काही नाही. पण नुसता फोटो बघून? मला एकदा समोरासमोर विचारायचंय. रविवारी ऑफिसच्या मैत्रिणी लोणावळ्याला येतायत. मी तिथून बेडशाला येईन. तेवढीच लेणीपण बघून होतील."

"नको," अमृता म्हणाली. "चैताली, ऐक माझं. येऊ नकोस."

"का पण?"

आणि अमृताने सगळं सांगितलं. सर्व्हर, ओढा, खडक, हात. सगळं. सांगतानाच तिला कळत होतं की हे किती वेड्यासारखं वाटतंय.

चैताली म्हणाली,

"मुलगी पसंत नाही एवढं सांगायला इतकी मोठी गोष्ट रचावी लागते का हो ताई?"

फोन बंद झाला. त्यानंतर तिने उचललाच नाही.

आज तोच रविवार आहे. सकाळी अमृताचा मला फोन आला, तेव्हा तिचा आवाज ओळखू येत नव्हता. बेडशात पहाटेपासून धुकं आहे. वीज नाही. प्रदीप दोर घेऊन ओढ्यावर जाऊन बसलाय, कुणाचं ऐकत नाही.

चैतालीचा मेसेज सकाळी आला होता. "निघालेय."

अमृताने तिला लिहिलं. ओढ्याकडे जाऊ नकोस. पाणी दिसलं तर थांबू नकोस. कुणी काहीही सांगितलं तरी थांबू नकोस. तिच्याकडून चैतालीचा नंबर घेऊन मीही लिहिलं. तळेगावात बसून दुसरं करणार तरी काय होते?

दुपार झाली. अमृताचा फोन आता लागत नाही.

आणि मी चैतालीला पाठवलेल्या मेसेजपुढे अजून एकच टिक आहे.