कापलेला अर्धा गुण

"पॅनल माझ्या हातात तुटलं, पण मी तोडलं नाही," फरशीवाली खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली.

मास्तरांनी चष्मा पुसला. गणित शिकवणं सोडून खासगी तपासाचा धंदा धरल्याला बारा वर्षं झाली, तरी समोरच्याला फळ्यापाशी उभं केल्यासारखं बघायची त्यांची सवय गेली नव्हती. टिपणं घ्यायला त्यांचा मेहुणा बसला होता. मनाने चांगला, डोक्याने सावकाश.

फरशीवालीबरोबर तिचा थोरला भाऊ आला होता. पंधरा वर्षं दोघं जोडीने फरशा बसवत होती. काम तिला त्यानेच शिकवलेलं. आता नव्या इस्पितळाच्या भिंतींना माणसाच्या दुप्पट उंचीची, बोटापेक्षा पातळ अशी फरशीची पॅनलं लागणार होती. नियम असा, की प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास झालेल्यानेच ती बसवायची. भाऊ लेखी परीक्षेत दोनदा आपटला होता. ती पहिल्याच फटक्यात सुटली. प्रात्यक्षिकात मात्र पॅनल उचलताच कोपऱ्यापासून तडकलं, आणि परीक्षार्थीच्या हातात पॅनल तुटलं की वर्षभर परीक्षा नाही. इस्पितळाचं काम पुढच्या महिन्यातच सुरू होणार होतं.

"सकाळी मी ते ओल्या फडक्याने पुसून पाहिलं होतं," ती म्हणाली. "ओल्यात केसाएवढी चीरसुद्धा काळी दिसते. तेव्हा ते धडधाकट होतं."

तिचा संशय लंबू नावाच्या दुसऱ्या फरशीवाल्यावर होता. तोही परीक्षेला बसला होता, आणि ती नापास झाली की काम त्याचं.

"लंबूच," भाऊ म्हणाला.

मेहुण्याने लंबूचं नाव लिहून खाली दोन रेघा ओढल्या. पहिला संशयित त्याला नेहमीच पटे.

प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये पॅनलं लाकडी घोडीवर उभी टेकवलेली होती. स्टोअरकीपर म्हणाला, जेवणाच्या सुट्टीत आत तिघेच गेले. लंबू स्वतःचं पॅनल बघायला, परीक्षक गुणपत्रिका ठेवायला आणि भाऊ पाण्याची बादली ठेवायला. कोण आत किती वेळ होतं, ते त्याने पाहिलं नव्हतं.

लंबूने आढेवेढे घेतले नाहीत. ती नापास झाल्याचा आनंद झाला, हे त्याने सरळ कबूल केलं. पण तिला हरवायचं तर भिंतीवर हरवलं असतं, असंही वर म्हणाला. मेहुण्याला हे उत्तर जरा जास्तच तयार वाटलं.

परीक्षकाचाही तिच्यावर राग होता. तिने एकदा भर वर्गात त्याची चूक काढली होती. त्याने गुणपत्रिका मास्तरांपुढे सरकवली. चिकटा कालवणं, पूर्ण गुण. भिंतीवर रेघा ओढणं, पूर्ण गुण. पॅनल पुसणं, अर्धा गुण वजा. मदतनिसाने कोरडं फडकं वापरलं. मेहुण्याने सगळं उतरवून घेतलं आणि अर्ध्या गुणाच्या कंजूषपणावर नाक मुरडलं.

मदतनीस भाऊच होता. तो म्हणाला, "ती चिकटा कालवत होती. उचलायच्या आधी मीच पॅनल पुसलं. चीर नव्हती."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. तुटक्या पॅनलचा एक मोठा तुकडा टेबलावर होता. त्यांनी मेहुण्याला तो कोरड्या फडक्याने पुसायला लावलं.

"काही दिसतं?"

"स्वच्छ आहे."

मग ओल्या फडक्याने. तुकड्यावर एक बारीक काळी रेघ उमटली. मेहुणा खाली वाकून बघत राहिला.

"तडा तिघांपैकी कुणालाही पाडता आला असता," मास्तर म्हणाले. "पण लंबूने किंवा परीक्षकांनी पाडला असता, तर पुसताना तो दिसला असता. पॅनल बदलून मिळालं असतं आणि डाव फुकट गेला असता. तो दिसणारच नाही याची खात्री फक्त ज्याच्या हातात फडकं होतं त्याला." ते भावाकडे वळले. "पाण्याची बादली तुम्हीच आणून ठेवली होती. मग फडकं कोरडं का?"

"काखेत कळसा," मेहुणा पुटपुटला आणि वहीतल्या लंबूवर काट मारली.

"आमच्या धंद्याच्या पाटीवर दोघांचं नाव होतं," भाऊ म्हणाला. "आता ती बसवणार आणि मी मदतनीस. हातोडीच्या दांड्याने एकच टोला दिला. हलकाच."

फरशीवालीला राग यायच्या आधी रडू आलं. तिने ते लपवलंही नाही.

परीक्षकाने निकाल रद्द केला आणि नवं पॅनल घ्यायला सांगितलं, परीक्षा लगेच. पण एवढं पॅनल एकट्याने उचलायचं नाही, हा नियम होता. मदतनीस परीक्षार्थीने निवडायचा. लंबू पुढे झाला, मेहुण्यानेही बाह्या सरसावल्या.

"दादा," ती म्हणाली, "दुसरी बाजू तूच धर."

भावाने मान वर केली नाही, पण तो घोडीपाशी जाऊन उभा राहिला. सवयीने त्याचा हात बादलीकडे गेला. तिने त्याच्याआधी फडकं उचललं, पाण्यात बुडवलं आणि पिळलं.

"पुसणार मात्र मी," ती म्हणाली.