स्टूरसेचं दळण

मनाचं काही रचून सांगत नाही. ज्यांच्यावर हे बेतलं त्यांतली एक, ऑस्ला माउट, माझी मामेबहीण. ती अजून आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला, आमच्या शेटलंड बेटांवर येऊन तिला विचारलंत तर ती चहा देईल, हवापाण्याचं बोलेल, पण हे सांगणार नाही. मला तिने एकदाच सांगितलं.

साल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. सेंट जॉनच्या सणाची आदली रात्र.

रात्र आपली म्हणायची. जूनमध्ये आमच्याकडे अंधार पडतच नाही. सूर्य बुडतो न बुडतो, आणि पाणी घातलेल्या दुधासारखा उजेड तसाच राहतो. आमच्या लहानपणी बायका त्या उजेडात दारात बसून विणत, आणि आम्हाला झोपायला कोणी हाकलत नसे. या दिवसांत भुतांना लपायला जागाच नाही, असं जुनी माणसं म्हणायची.

त्या रात्री जे आलं, त्याला लपायची गरज पडली नाही.

आमच्या धक्क्यासमोर स्टूरसे नावाचं बेट आहे. माणूसवस्ती नाही. आहे तो फक्त एक गोल दगडी बुरूज, दोन हजार वर्षांपूर्वीचा. भिंत दुहेरी, आणि भिंतीच्या पोटात खोल्या. उन्हाळ्यात ऑस्ला तिथे पाहुण्यांना घेऊन जायची आणि सगळं समजावून सांगायची. होडी गिब्बी हॅलक्रोची.

गिब्बी तिचा शाळेपासूनचा सोबती. ती बोलायला लागली की तो पाहुण्यांना सांगायचा, नीट ऐका, बाई शेवटी प्रश्न विचारतात.

त्या दिवशी ऑस्लाने मोठ्या बहिणीलाही बरोबर घेतलं. सिनी तिचं नाव. सिनीला विसर पडायला लागला होता. कधी चुलीवर रिकामं भांडं ठेवायची, कधी कोणाच्याही मागे चालू लागायची. तिला घरी एकटं ठेवायची सोय नव्हती. आणि आईने जाताना ऑस्लाकडून वचन घेतलं होतं, हिला एकटी सोडू नकोस.

आता एक सांगायला हवं. होडीत बसलेली माणसं आमच्याकडे मोजत नाहीत. मोजलं की समुद्र ऐकतो म्हणतात. गिब्बीकडे बापाच्या वेळची एक लाकडी फळी होती. तिला खळगे, आणि प्रत्येक खळग्यात एक पांढरा गोटा. बेटावर उतरताना प्रत्येकाने एक गोटा घ्यायचा, परत चढताना खळग्यात ठेवायचा. फळी भरली की सगळे आले. तोंडं बघायची नाहीत, आकडा म्हणायचा नाही.

सिनीनेही गोटा घेतला. मुठीत घट्ट धरला, लहान मुलीसारखा.

बुरुजाजवळ पोचले तेव्हा भिंती घरघरत होत्या.

पाहुणे दचकले. ऑस्लाला त्याची सवय होती. तिने सांगितलं, ही अलामूटी पाखरं. चिमणीएवढी, काळी, समुद्रावरची. दगडांच्या फटींत घरटी करतात आणि अशा रात्री आत बसून घुमतात. ॲबर्डीनहून आलेले एक मास्तर म्हणाले, जातं फिरतंय असंच वाटतं.

मग तिने जातंही दाखवलं. भिंतीतल्या खालच्या खोलीत त्याची खालची तळी अजून जागेवर आहे. वरचा दगड उत्खनन करणाऱ्यांनी लर्विकच्या संग्रहालयात नेला. आता तिथे काहीच फिरत नाही.

सिनीचे गुडघे दुखत होते. ती त्याच खोलीत दगडावर टेकली. ऑस्लाने तिची निळी शाल नीट लपेटली, इथून हलू नकोस म्हणाली, आणि बाकीच्यांना घेऊन जिना चढली.

वर असताना समुद्रावरून धुकं आलं.

आमचं धुकं येतं ते भिंत सरकत आल्यासारखं. गिब्बीने शिंग वाजवलं. निघायची खूण. ऑस्ला पाहुण्यांना घाईने खाली घेऊन आली. खालच्या खोलीत डोकावणार, तेवढ्यात तिला बाहेर धुक्यात निळी शाल दिसली. डोक्यावरून घेतलेली. पाहुण्यांच्या पुढे, होडीकडे चाललेली.

ऑस्लाने हाक मारली.

शाल थांबली नाही.

सिनीचं हे नेहमीचं. रुसली की ऐकू येत नसे. ऑस्ला मागून चालत राहिली. तिला एवढंच जाणवलं, की आज सिनी लंगडत नाहीये...

एकेकाने गोटा ठेवला. फळी भरली. गिब्बीने दोर सोडला.

निळी शाल पुढच्या टोकाला बसली होती, पाठ करून. ऑस्ला मागे, गिब्बीजवळ. मधे पाहुणे, टोप्या ओढून बसलेले. पुढच्या बाकावर भरपूर जागा होती. तरी तिथे कोणी बसलं नाही. सगळे एकमेकांना चिकटून मागे सरकले होते.

गिब्बी हळूच म्हणाला, होडी पुढून वर उचलल्यासारखी चाललीय. पुढे कुणी बसलेलंच नसावं तशी.

ऑस्लाने मान उंचावून पाहिलं, शाल जागेवरच होती.

धक्का आला. पाहुणे उतरले. ऑस्ला बहिणीला हात द्यायला पुढे गेली.

बाक रिकामा होता.

सिनी पाण्यात पडली, हा पहिला विचार. पण मास्तर म्हणाले, त्या बाई तर दोर बांधायच्या आधीच उतरल्या, पायवाटेने वर गेल्या. मी बाजूला झालो ना त्यांना वाट द्यायला.

ऑस्ला घराकडे धावली.

दार सताड उघडं. त्याचं काही नाही, आमच्याकडे दारं उघडीच असतात. आत खुंटीवर निळी शाल टांगलेली होती. ओली. खाली थेंब पडत होते.

घरात सिनी नव्हती.

खाटेवर नव्हती. चुलीजवळ नव्हती. न्हाणीत नव्हती.

ऑस्ला धक्क्यावर परत आली तेव्हा गिब्बी फळी मांडीवर घेऊन बसला होता. एकही खळगा रिकामा नव्हता. एक गोटा त्याने बोटाने दाखवला, हात न लावता. त्याला पीठ लागलं होतं.

"मी हात पाहिला होता, ऑस्ला," तो म्हणाला. "कोपरापर्यंत पांढरा. मला वाटलं, हातमोजा असेल."

"होडी काढ."

"धुक्यात?"

"ती माझी बहीण आहे, गिब्बी. तुला यायचं नसेल तर होडी दे."

"तुला होडी दिली तर बहीणही जाईल आणि होडीही," तो म्हणाला आणि उठला. वाटभर ऑस्लाच्या मनात एकच होतं. बेटाला पश्चिमेकडून सरळ कडा आहे, आणि सिनी कोणाच्याही मागे चालू लागते.

बेटावर उतरले.

भिंती गप्प होत्या.

एक पाखरू बोलत नव्हतं. त्या दिवसांत हे कधी होत नाही. ऑस्लाने आयुष्यात ती शांतता ऐकली नव्हती.

आणि मग त्या शांततेत... घरघर.

एकच. संथ. दगडावर दगड.

खालच्या खोलीतून.

सिनी तिथेच होती. जात्यासमोर मांडी घालून बसलेली. अंगावर शाल नाही, ओठ निळे. तिचा उजवा हात गोल फिरत होता. खुंटा धरल्यासारखी मूठ वळलेली. खाली नुसती तळी. वर दगड नाही, काही नाही. हात हवेत फिरत होता...

आणि जातं वाजत होतं.

गिब्बी दारातच थिजला. ऑस्ला आत गेली. सिनीने वर पाहिलं, हसली, पण हात थांबवला नाही.

"ती म्हणाली, जरा तू बस दळायला, मी घरी जाऊन येते. किती दिवसांत गेले नाही म्हणाली. मग मी गोटा दिला तिला. शाल पण दिली. बाहेर गार आहे ना गं."

"कोण ती?"

"थांबवू नकोस म्हणाली. थांबलं तर तिला ओरडतात."

ऑस्लाने बहिणीचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. हात थांबेना. ती म्हणते, मी सिनीशी झटत नव्हते. दुसऱ्या बाजूने कोणीतरी खुंटा ओढत होतं. शेवटी तिने सिनीला पाठीमागून कवेत घेतलं आणि सगळ्या जोराने मागे खेचलं.

आवाज तुटला.

आणि त्याच क्षणी भिंतींतली सगळी पाखरं एकदम घुमायला लागली.

सिनी वाचली. थोडा ताप आला, उतरला. पण त्यानंतर जेवायच्या टेबलाशी बसली की तिचा उजवा हात हळूहळू गोल फिरायचा. ऑस्लाने तो धरला की म्हणायची, ती येऊन बघेल ना, दळण राहिलंय.

ऑस्लाने पाहुण्यांना बेटावर नेणं सोडलं. लर्विकहून कुलूप आणलं. आमच्या गावात दाराला लागलेलं ते पहिलं कुलूप. एरवी थट्टा करणाऱ्या गिब्बीनेच ते दाराला बसवून दिलं.

महिनाभर ते रोज संध्याकाळी लागत होतं. मग एकदा ऑस्ला किल्ली फिरवत असताना सिनी मागून म्हणाली,

"कशाला लावतेस? तिला बाहेर जायचंच नाहीये."

पुढच्या हिवाळ्यात सिनी गेली. झोपेत, शांतपणे, ऑस्लाचा हात हातात धरून. वचन पाळलं गेलं.

सांत्वनाला मी गेले होते. ऑस्लाने चहा केला, जवाच्या भाकरी टाकल्या, लोणी पुढे ठेवलं. भाकरी जाडसर, खरपूस. लहानपणी मिळायची तशी. आता ते पीठ कुठल्या दुकानात मिळत नाही. आमची शेवटची गिरणी मी लग्न होऊन आले त्या वर्षी बंद पडली.

मी सहज विचारलं, पीठ कुठून आणलंस?

ऑस्लाने माझ्या कपात दूध ओतलं. आतल्या खोलीचं दार पायाने हळूच लोटून घेतलं.

"घरचं आहे," ती म्हणाली. "खा."

तोवर माझी अर्धी भाकरी खाऊन झाली होती.