बिरसीच्या बांधीतला चेंडू

"गोल्फचं म्युझियम? आपल्या बिरसीले?" दिव्या हसली.

भैय्यालालकाकांनी विडी विझवली. "हास. माह्या शेजारचा इंदरलालही हासत होता. मंग गेला ना तो तिथं…"

२००८ची कार्तिक अमावास्या. शेतात कापलेल्या धानाचे ढीग, पुंजणे, उभे होते. दुसऱ्या दिवशी इंदरलालच्या वडिलांचा दहावा होता आणि घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. बिरसीला एका हौशी माणसाने बंगल्यात गोल्फचा सारा इतिहास मांडला होता. तिथल्या एका फोटोत वडील आहेत, असं कळलं. इंदरलालने तिन्हीसांजेला मोटरसायकल काढली.

तरुणपणी वडील बिरसीला गोल्फ खेळणाऱ्या एका गोऱ्या साहेबाच्या काठ्यांची थैली वाहत. एकदा चेंडू धानाच्या बांधीत, चिखलपाण्यात हरवला. तो आणल्याशिवाय तोंड दाखवू नको, असं साहेब म्हणाला. चेंडू मिळालाच नाही. पुढे साठ वर्षं ते शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून खाली बघतच चालले. शेवटच्या रात्रीही त्यांचा हात बाजेखाली चाचपडत होता.

"एवढ्या अंधारात काऊन आले जी? लाईन गेली हाय," म्हणत बंगल्याचा राखणदार उदारामने टॉर्च लावला. काचेआड लाकडी काठ्या. अंगभर बारीक खळगे असलेले जुने चेंडू. भिंतीवर फोटो. साहेब हसत होता. शेजारी वडील, मान खाली.

"तोंडच नाही दिसत," उदाराम म्हणाला.

इंदरलालने काचेवर हात ठेवला. "बाबूजी, पुरे झालं शोधणं. घरी चला."

"गेलेल्याले असं बोलावतेत का जी?"

तेवढ्यात बाहेर मैदानात गवत सळसळलं. कोणीतरी चाचपडत होतं… खिडकीपर्यंत आलं.

थांबलं.

फोटो भिंतीवरच राहिला. इंदरलाल रिकाम्या हाताने घरी आला.

रात्री बायकोने, धनवंताने, रीतीप्रमाणे पीठ पसरलं. गेलेला जीव कोणत्या जन्माला गेला, त्याची खूण पिठात उमटते. वर टोपलं झाकलं. दाराला कडी लावली. इंदरलाल जवळच बसून राहिला.

पहाटे टोपल्याखाली काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. हलकेच.

मग काही नाही…

उजाडल्यावर धनवंताने टोपलं उचललं. खाली काहीच नव्हतं. पिठात पाखराचं पाऊल नव्हतं. गाईचं नव्हतं. एकच वाटोळा खोलगट ठसा. त्यात बारीक बारीक खळगे.

कडेला ओला चिखल.

बांध्या तर महिनाभरापासून कोरड्या होत्या.