पाच मिनिटं स्वस्थ

"आकडा फारच चांगला आलाय," पडद्याकडे बघत नर्स दीपा म्हणाली. "महिन्यापूर्वी हृदयाचा झटका येऊन गेलेल्या बाईचा? कसं शक्य आहे!"

छातीला पट्टा बांधून बसलेली सिंधू बावरली. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, "त्यांचे ओठ बघा गे... जप चाललाय!"

सिंधू लाजून चूर. डिचोलीहून बस गाठायच्या घाईत सकाळचा जप राहिला होता. म्हापशाच्या इस्पितळात पाच मिनिटं स्वस्थ बसा म्हटल्यावर तिने तो इथेच सुरू केला.

"जपाने श्वास संथ होतो, म्हणून आकडा फुगतो," दीपा हसली. "ठोके घड्याळासारखे नकोत. दोन ठोक्यांतलं अंतर थोडं कमीजास्त झालं, की आकडा चांगला येतो; समजायचं हृदय सावरतंय. व्यायामाने ते हळूहळू येईल."

"पखवाजाचंही तसंच," शेजारचा म्हणाला. "घड्याळासारखा वाजवला तर भजनात डोलणार कोण?"

तो कृष्णनाथ, पेडण्याचा. झटक्यानंतर भीतीने त्याने पखवाजाला हात लावला नव्हता. सिंधूलाही जिना चढायची भीती. दोघंही एकटी.

मग बारा आठवडे दोघं व्यायामाच्या शेजारशेजारच्या सरकत्या पट्ट्यांवर चालली.

"देवाला रोज एकशे आठ हाका मारता. एखादी माझ्यासाठी?"

"तुमचं नाव घेतलं तर माळ चुकेल माझी!"

शेवटचा दिवस उजाडला. "आकडा बरा आला की सुटी," दीपा म्हणाली. "आणि जप नको हं!"

सुटी... म्हणजे तो पेडण्याच्या बसला, ही डिचोलीच्या. समोर कृष्णनाथ बसलेला. सिंधूने मान खाली घातली.

"अगं बाई! ठोके नुसते धावतायत. आकडा पहिल्यापेक्षा वाईट!" दीपाने एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. "कृष्णनाथबाब, जरा बाहेर बसा बघू."

पुन्हा पाच मिनिटं. आकडा सुरेख आला.

बाहेर बाकावर तो कासावीस. "काय आलं, सिंधूबाय?"

"तुम्ही होतात तेव्हा वाईट. गेलात तेव्हा चांगला."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे मी तब्येतीला बरा नव्हे..."

"जप नको म्हणाली होती दीपा," पदराचं टोक बोटाला गुंडाळत सिंधू पुटपुटली. "तरी एक नाव मनात येतच राहिलं. देवाचं नव्हतं ते..."

त्याने मान वर केली. मग हळूच — "आमच्या देवळात सोमवारी भजन आहे. तू येशील तर... वाजवीन मी."

"येईन. पण तुमची बस?"

"जाऊं दे गो ती!"

त्याची बोटं आपसूक गुडघ्यावर पडू लागली होती, झटक्यानंतर पहिल्यांदाच. थोडी अडखळत, थोडी धावत... घड्याळासारखी मुळीच नव्हेत.