चिंगी आणि विमानाचं डावं चाक

"अबे, चिंगी पुन्हा घुसली! धरा तिले!" वैभव ओरडला.

चिंगी म्हणजे वैभवची बकरी. आणि घुसली कुठे? थेट विमानाखाली! हो, खऱ्याखुऱ्या विमानाखाली! भीमपूरच्या रस्त्यालगतच्या वावरात सुरेंद्रसेठनं एक जुनं, उडायचं बंद झालेलं प्रवासी विमान आणून उभं केलं होतं. आत हॉटेल होणार होतं. उद्या उद्घाटन! आणि पहिल्या सीटवर बसणार होती वैभवची मथुराआजी. तिनं तर नवं लुगडंही काढून ठेवलं होतं.

वैभव, करण आणि पूनम धावले. डाव्या चाकाला ताडपत्री गुंडाळली होती आणि चिंगी तिचा कोपरा ओढत होती.

"ए पोट्टेहो! ताडपत्रीले हात नाई लावायचा!" सेठ लांबून गरजला.

"बाकी चाकं उघडी, अन् हे एकच झाकलेलं. काऊन बे?" करण कुजबुजला. "सोनं लपवलं असन!"

"चिंगी सोनं खाते का?" पूनम म्हणाली. "ते काय चरून राह्यली, पाह्य ना!"

हिरवंगार गवत! भर मे महिन्यात! बाकी वावरात तर पाय अडकेल एवढ्या भेगा!

सेठ फोनवर बोलत वळला, तसे तिघं ताडपत्रीखाली सरकले. फच्! करणचा पाय घोट्यापर्यंत चिखलात! वर विमानाच्या पोटातून एक पाइप ठिबकत होता. आतल्या बेसिनचं पाणी सगळं इथेच! चाक अर्धं मातीत रुतलं होतं.

"काळी माती हाय ही, भिजली का खचते," पूनम हळूच म्हणाली. "आमचा ट्रॅक्टर असाच कलंडला होता. उद्या सगळं गाव चढलं तर?"

"अन् आजी पह्यल्या सीटवर!" वैभवचा चेहराच उतरला.

तिघं सेठकडे पळाले. चाक रुतलंय, एवढंच सांगितलं. सेठ हसला, "आभाळातून पडलं नाई, ते जमिनीवर काय पडन? उद्घाटन होऊ द्या, मंग पाहू पाइपचं!"

म्हणजे त्याला माहीत होतं! सरपंच भगवानरावांनी तर ऐकूनच घेतलं नाही. "जा रे, आंबे खा!"

सकाळी बँड वाजला. डाव्या पंखाच्या सावलीत खुर्च्या मांडल्या होत्या, पुढच्या खुर्चीत मथुराआजी! सेठ आणि भगवानराव नारळ घेऊन विमानात चढले. मागोमाग पूनम.

"काका, फोडायच्या आधी नारळ मधल्या वाटेत ठेवा, हळदकुंकू लावू!"

भगवानरावांनी नारळ ठेवला. तो गडगडत डाव्या सीटखाली गेला! पुन्हा ठेवला. पुन्हा डावीकडेच!

"डावीकडेच काऊन जाऊन राह्यला, काका? डावं चाक खचून राह्यलं ना!" पूनम म्हणाली.

भगवानरावांनी सेठकडे पाहिलं. सेठ घाम पुसत होता.

"उतरा! पंखाखालून सगळे बाजूला व्हा!" भगवानराव दारातून ओरडले.

"आजी, ऊठ!" वैभवनं हात ओढला.

"अरे बाबू, माहा फोटो राह्यला ना!"

सगळे जेमतेम रस्त्यावर पोचले आणि... कर्र्र्र! धाड! चाक आत गेलं, पंख खाली आला. आजीच्या खुर्चीचा चुरा झाला!

भगवानरावांनी तिघांना जवळ घेतलं. "काल आमी ऐकाले पाह्यजे होतं, लेकरांनो! आज गाव तुमच्यामुळं वाचलं!" सेठ मान खाली घालून उभा होता.

पुढे पाइप दुरुस्त झाला, विमान उचलून खाली काँक्रीटचा पक्का ओटा झाला, इंजिनिअरनं तपासून होकार दिला, तेव्हाच आजी चढली. नारळ मात्र तिनं स्वतः वाटेत ठेवला. जागचा हलला नाही!

मग आजी बसली, पण दुसऱ्या सीटवर.

"पह्यली कोनासाठी, आजी?"

"चिंगीले आना ना बे!"