आत्याच्या लिव्हरला आलेलं स्थळ

"कितवा महिना?" फॉर्मवरून मान वर न करता नर्सनं विचारलं.

"कुठलाच नाही," मी म्हणाले.

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"ते पण नाही... अजून."

शेजारच्या बाकाजवळून कोणीतरी फिसकन हसलं. मी रागानं वळून पाहिलं, तर एक उंच माणूस जमिनीवर उकिडवा बसून एका गरोदर बाईच्या तळपायांवर ओला रुमाल फिरवत होता. दर गुरुवारी त्या दवाखान्यात लिव्हरचे डॉक्टर आणि बाळंतपणाच्या डॉक्टरबाई एकाच टेबलापाशी बसायचे. लिव्हरचं दुखणं असलेल्या गरोदर बायका दोघांना एकदमच दाखवून घ्यायच्या. ही त्याची ताई होती. आठव्या महिन्यात तिचं लिव्हर रुसलं होतं आणि तळहाता-तळपायांना अशी खाज सुटायची, की बिचारी रडकुंडीला यायची. नवरा परगावी, म्हणून रुमालाचं खातं भावाकडे.

"सॉरी," तो म्हणाला. "पण इतक्या आधीपासून नंबर लावणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं."

मी तोंड उघडायच्या आत माझ्याबरोबर आलेल्या आत्यानं त्याला सगळं सांगून टाकलं. एकोणिसाव्या वर्षी माझं लिव्हर निकामी झालं, तेव्हा तिनं स्वतःच्या लिव्हरचा तुकडा मला दिला. तेव्हापासून तो तुकडा माझ्या पोटात असला तरी मालकी तिचीच आहे. मी जागरण केलं की ती, "माझ्या लिव्हरचे हाल करू नकोस," म्हणून ओरडते. गेल्या वर्षी माझं लग्न ठरलं होतं. "मूल होईल ना?" असं मुलानं विचारलं, मला उत्तर देता आलं नाही आणि लग्न मोडलं. पुढच्या खेपेला उत्तर हातात असावं म्हणून मी आले होते. हेही आत्यानंच सांगितलं, एका अनोळखी माणसाला! धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं.

तो मात्र मन लावून ऐकत होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आत अडकलेल्या माणसांशी बाहेरून बोलत राहणं हा त्याच्या कामाचाच भाग, त्यामुळे आत्याला तो पुरून उरला.

डॉक्टरांनी ढीगभर तपासण्या लिहून दिल्या आणि सहा आठवड्यांनी यायला सांगितलं. रिपोर्ट मोबाईलवर यायचे. तरी दर गुरुवारी ते आणायला मी दवाखान्यात जाऊ लागले. कागदावर नीट वाचता येतात, असं मी घरी सांगितलं.

"आणि लिपस्टिक कोणासाठी? रिपोर्टसाठी?" आत्यानं विचारलं.

एका दुपारी तो थेट आमच्या दुकानात आला. मी चष्म्याचे नंबर काढते. त्याला तक्त्यावरची शेवटची, मुंगीएवढी ओळसुद्धा घडाघडा वाचता येत होती.

"तुम्हाला नंबर नाही," मी म्हणाले.

"पुन्हा एकदा बघा ना... नीट, जवळून."

मी बघितलं. गरजेपेक्षा बराच जास्त वेळ बघितलं. बाहेर गिऱ्हाइकं खोळंबली होती... खोटं कशाला बोलू, तो मला आवडला होता, फार आवडला होता. म्हणूनच धास्ती बसली. डॉक्टर नाही म्हणाले तर? पुन्हा एकदा मोडलेलं मला सोसलं नसतं.

त्याची ताई थोडी लवकरच बाळंत झाली. मुलगी ठणठणीत, आणि दोन दिवसांत ताईची खाजही गेली. मला आनंद झाला आणि पाठोपाठ वाईटही वाटलं. आता त्याला गुरुवारी यायचं कारणच उरलं नव्हतं.

माझी तारीख आली. आत्याबरोबर गेले, तर तो बाकावर बसलेला. एकटाच, कडक इस्त्रीचा शर्ट घालून.

"ताई कुठे आहे?"

"घरी. दोघी झोपल्यात."

"मग तुम्ही इथे..."

"तुमच्याबरोबर आत आलो तर... चालेल?"

आत्यानं त्याला नखशिखांत न्याहाळलं. आत गेल्यावर तिनं आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि स्वतः दाराशी जाऊन उभी राहिली.

मूल होऊ शकतं, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. पण माझी एक गोळी बाळाला घातक होती. ती आधीच बदलायला हवी, मग नव्या गोळीवर लिव्हर कसं राहतं ते बघायचं, सगळं धरून वर्षभर. पुढेही बीपी वाढू शकतं, बाळ अपुऱ्या दिवसांचं होऊ शकतं, डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागेल. एवढं बोलून त्या त्याच्याकडे वळल्या. "तुमचा दोघांचा विचार कधीचा आहे?"

माझे कान तापले. हे माझे कोणी नाहीत, असं सांगायला मी तोंड उघडलं, पण तो पुढे सरसावला.

"मी अजून यांना विचारलेलंच नाही," तो म्हणाला. "पण वर्ष आहे ना हातात... तेवढ्यात धीर गोळा होईल." मग तो माझ्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, "आणि मूल झालं नाही तरी विचारणारच आहे."

दाराशी आत्यानं जोरात नाक शिंकरलं.

"ते तुम्ही सावकाश ठरवा," लिव्हरचे डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले. "मला फक्त गोळीचं सांगा. बदलायची का?"

"बदला," मी म्हणाले, डॉक्टरांकडे न बघता.